दहा हजार तालांत आणि माझी एक्सेल शीट

आजचे वाचन : मत्तय 18:21-35 आणि उत्पत्ती 50:15-21



हे मनन मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. क्षमेवर लिहायला तसं काही अवघड नसतं, फक्त लिहिताना कोणाचा चेहरा समोर यायला नको. माझ्या समोर चेहरा येतो तो माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा.

पप्पांना प्रभूकडे जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटचे 19 दिवस ते इथे पुण्यात आयसीयूत होते. मेडिक्लेमची मर्यादा सहाव्या दिवशीच संपली. मी सवयीप्रमाणे लॅपटॉपवर एक शीट उघडली. तारीख, औषधं, तपासण्या, डिपॉझिट, रक्ताच्या पिशव्या. सगळं व्यवस्थित भरत गेलो. आपल्या व्यवसायातल्या माणसाला भीती वाटली की तो शीट उघडतो. पप्पांना मातीत ठेवून आल्यावर चौथ्या दिवशी मी त्या शीटला उजवीकडे एक कॉलम वाढवला. नाव दिलं, ‘दादाचा वाटा’. बेरीज आली 3,42,500. लाल रंग दिला.

दादा त्या 19 दिवसांत दोनदा येऊन गेला. पैशांचं विचारलं तर “बघतो” म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला नवी बाईक दिसली, हार घातलेली.

पण खरं सांगू का, पैसा हा त्या शीटमध्ये मावणारा भाग होता म्हणून मी तो लिहिला. न मावणारा भाग असा, की शेवटच्या रात्री पप्पांनी मला विचारलं, “आला का रे तो?” आणि मी म्हणालो, “येतोय, रस्त्यात आहे.” तो रस्त्यात नव्हता. त्याचा फोन बंद होता. त्याच्यामुळे मला मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलावं लागलं, हे मी दोन वर्षं मनात धरून बसलोय. आणि या दोन वर्षांत याच पानावर मी प्रीतीवर किमान दहा-बारा मननं लिहिली. तुमच्यातल्या काहींनी ती पुढे पाठवली. मला लाज वाटते ती इथे.

आता वचनाकडे येऊ.

पेत्र विचारतो, भावाने माझ्याविरुद्ध अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करायची? सात वेळा? आपण पेत्राला हसतो, पण सात हा काही कंजूष आकडा नाही. माझ्या शीटमध्ये एकदाचीही सोय नव्हती. प्रभूचं उत्तर काही भाषांतरांत सत्याहत्तर वेळा आणि काहींत सत्तर गुणिले सात असं येतं. आकड्यावर भांडण्यापेक्षा तो आला कुठून ते पाहू. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो, की काइनाचा सूड सातपट घेतला जाईल तर माझा सत्याहत्तरपट. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जो शब्दप्रयोग आहे, तोच मत्तयाने इथे वापरलाय. म्हणजे सुडाची मोजणी जिथवर गेली होती तिथवर प्रभू क्षमेला नेतो. 22 व्या वचनावर थांबून ही गोष्ट एकदा स्वतः ताडून बघा.

मग तो दाखला सांगतो. एका राजाच्या चाकराचं कर्ज निघतं. मूळ ग्रीकमध्ये रक्कम दहा हजार तालांत अशी आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा : सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आजची रोजची मजुरी पाचशे रुपये धरली तर तीन हजार कोटी रुपये. त्याच चाकराचं सोबतीकडून येणं होतं शंभर दिनार, म्हणजे चार महिन्यांची मजुरी, पन्नास हजार रुपये. आपण संडे स्कूलपासून हा दाखला ‘मोठं कर्ज आणि चिल्लर’ असा ऐकतो. पण पन्नास हजार ही मजुराच्या घरी चिल्लर नसते. त्यात एखाद्याचं घरभाडं असतं, मुलांची फी असते. प्रभूने मुद्दाम दोन-चार दिनार म्हटलेलं नाही. तुम्हाला लागलंय ते खरंच लागलंय, हे तो मान्य करतो. माझे 3,42,500 सुद्धा खरे होते. फरक एवढाच की ते सहा लाख पटींच्या शेजारी ठेवायचे आहेत.

या दाखल्यात मला वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसली नव्हती. तो चाकर राजाकडे काय मागतो ते नीट वाचा. तो माफी मागत नाही, मुदत मागतो. जरा थांबा, सगळं फेडतो म्हणतो. दोन लाख वर्षांचं कर्ज, आणि हा फेडणार! आमच्याकडे डेडलाइन उलटून गेल्यावर स्टँडअपमध्ये “उद्यापर्यंत होऊन जाईल” म्हणणारे असतात, त्यातलाच प्रकार. राजाने त्याला मुदत दिलीच नाही, सगळं कर्जच सोडून दिलं. पण मला वाटतं, ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो दरबारातून बाहेर पडला तो मुदत मिळालेल्या माणसासारखा. मुदत मिळालेला माणूस काय करतो? वसुलीला निघतो. म्हणून सोबती दिसताच त्याने त्याचा गळा धरला.

माझी वसुली कुठून येते ते मला इथे कळलं. मी तारणाची साक्ष देतो, पण आतून अजून फेडतोच आहे. युवक संघाची मीटिंग, दशमांश, रोजचं मनन, सगळं हप्त्यासारखं. आणि जो स्वतः हप्ते भरतोय त्याला दुसऱ्याचा थकलेला हप्ता सहन होत नाही.

आपली मराठी या बाबतीत फार प्रामाणिक आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘ऋण’ हाच शब्द म्हणतो, अपराध किंवा चूक नाही. आणि रोजच्या बोलण्यात ‘माफ’ हा शब्द आपण गुन्ह्यालाही लावतो आणि कर्जालाही. आमच्या गावाकडे 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा पारावर एकच चर्चा असायची : कोणाचं किती माफ झालं. एक गोष्ट त्या चर्चेत कोणी विचारत नाही, पण बँकेतला माणूस ओळखून असतो. कर्ज माफ होतं म्हणजे ते हवेत विरत नाही. तो आकडा कोणाच्या तरी वहीत नुकसान म्हणून चढतोच. शेतकऱ्याच्या नावावरून उतरला की सरकारच्या नावावर.

राजाने कर्ज सोडलं त्या संध्याकाळी त्याचा खजिना दहा हजार तालांतांनी रिकामा होता. वधस्तंभ म्हणजे देवाच्या वहीतली ती नोंद. म्हणून ‘जाऊ दे, काही झालं नाही’ हे वाक्य मला क्षमा वाटत नाही. झालं होतं. मी क्षमा करतो म्हणजे ते नुकसान मी माझ्या नावावर घेतो आणि पुन्हा तुझ्याकडे पाठवत नाही. त्यामुळेच ती दुखते, आणि दुखलं म्हणजे आपण चुकीचं करतोय असं नसतं.

हे वाचत असताना एका रात्री मला माझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षं आठवली. फीसाठी पप्पांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. दादा तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्याने शिक्षण सोडून एमआयडीसीत नोकरी धरली. मी हॉस्टेलवर असताना दर महिन्याला दोन हजार यायचे, कधी पप्पांकडून, कधी त्याच्याकडून. त्या चार वर्षांची शीट कोणीच केली नाही. पप्पांना शीट येत नव्हती, आणि दादाने केली नाही. याने त्याची शेवटच्या रात्रीची गैरहजेरी भरून निघत नाही, हे मी आजही म्हणतो. पण माझी शीट पप्पांच्या आजारपणापासून सुरू होत होती. ती तिथूनच का सुरू व्हावी, हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसरं वाचन याच्याशी जोडून घ्या. याकोब मिसरात 17 वर्षं राहिला आणि वारला. वडील जाताच योसेफाच्या भावांना घाम फुटला : आता हा जुना हिशेब काढणार. त्यांनी निरोप पाठवला, की वडिलांनी मरण्यापूर्वी सांगितलंय, भावांना क्षमा कर. याकोब खरंच असं म्हणाला होता का, ते शास्त्रात कुठे आलेलं नाही. घाबरून रचलेलंही असेल. योसेफ रडला. का रडला? त्याने तर 17 वर्षांपूर्वीच त्यांच्या गळ्यात पडून सगळं सोडलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ते त्याच्या ताटात जेवले, त्याने दिलेल्या जमिनीवर राहिले, आणि रोज थोडे थोडे घाबरून. तेही मुदतीवरच जगत होते. योसेफ त्यांना काय म्हणतो तेही बघा. तुम्ही वाईटच योजलं होतं, हे तो लपवत नाही. पण देवाच्या जागी बसून निवाडा करायला नकार देतो, आणि मग थेट मुलाबाळांच्या पोटाची सोय बोलतो. क्षमेचं पुढचं वाक्य धान्याबद्दल आहे, हे मला फार आवडतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी, कारण मागे एका बहिणीने मला याबद्दल लिहिलं होतं. घरात मारहाण होत असेल, ऑफिसात कोणी त्रास देत असेल, तर क्षमा म्हणजे तिथेच गप्प बसून राहणं नाही. याच अध्यायात, दाखल्याच्या आधी, पंधराव्या वचनापासून प्रभू सांगतो की अपराध करणाऱ्याला जाऊन दाखवून दे, नाही ऐकलं तर साक्षीदार ने, मग मंडळीला सांग. ओडिशात 22-23 जानेवारी 1999 च्या रात्री ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं गेलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपदाला कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, शिक्षा झाली. क्षमेने पोलीस ठाण्याचा रस्ता बंद होत नाही.

तर मी काय केलं? मोठं काही नाही. मार्चमध्ये एका शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं म्हणून, तो कॉलम डिलीट केला. फार हलकं वाटलं. जूनमध्ये त्याच्या मुलाच्या वाढदिवसाचे फोटो आले, मोठा हॉल, मोठा केक, आणि मी व्हर्जन हिस्टरीत जाऊन कॉलम परत आणला. हसू नका. आमच्या क्षेत्रात डिलीट केलेलं काहीच खऱ्या अर्थाने जात नाही, आणि मनाचंही तसंच असावं. सत्तर गुणिले सात हे सत्तर गुणिले सात नव्या अपराधांसाठी असेल असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ते एकाच अपराधासाठीही असू शकतं, तो जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा. जूनमध्ये दुसऱ्यांदा डिलीट केला. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा, त्या वेळी आधी दादाला फोन लावला. आम्ही पाऊस आणि आईचे गुडघे यावर सात मिनिटं बोललो. त्याने माफी मागितली नाही. मीही विषय काढला नाही, अजून धीर नाही. पण आता रविवारी फोन होतो.

तुमच्याकडे अशी शीट असेल, कागदावर किंवा डोक्यात, तर आज ती फक्त उघडा आणि बघा ती कोणत्या तारखेपासून सुरू होते.

प्रार्थना : प्रभू, तू माझं सोडून दिलंस, मी मात्र अजून मुदतच मागतोय. दादाचा फोन त्या रात्री बंद का होता ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे. मला ते न विचारता रविवारी फोन करायची शक्ती दे, आणि कधी विचारलंच तर ऐकून घ्यायची. आमेन.

ता.क. : हे टाकण्यापूर्वी दादाला वाचायला पाठवलं होतं, त्याचं आहे म्हणून. दोन दिवस निळ्या टिकांपलीकडे काही नाही. काल रात्री उत्तर आलं : “टाक. पण आकडा चुकलाय. मी आईच्या हातात वीस हजार दिले होते, पहिल्यांदा आलो तेव्हा.” मी आईला विचारलं. म्हणाली, हो, त्यातूनच मी बाहेरची औषधं आणत होते की. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, “तू विचारलंस कधी? तू लिहीत बसला होतास.”