झोपेच्या गोळीचे अर्धायुष्य

किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल ८ दिवस असतो, हे तुम्ही वाचले असेल. ८ दिवसांनी ते निम्मे उरते, १६ दिवसांनी पाव. हेच गणित बऱ्याच औषधांना लागू पडते. चिंतेवर आणि झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलामची गोळी घ्या. (उदाहरणाला घ्या, पोटात नव्हे!) रक्तातील तिचे प्रमाण साधारणपणे १२ तासांत निम्मे होते. मग दोन दिवसांनी किती उरेल? चार वेळा निम्मे, म्हणजे सोळावा हिस्सा.

हे गणित मला शिरोड्यात, मिठागराच्या वाटेवरच्या एका घरात आठवले. आजोबा गेल्यावर डॉक्टरांनी आजीला थोड्या दिवसांपुरती ही गोळी दिली होती. चिठ्ठी तीच राहिली आणि चार वर्षे झाली. "माका गोळयेशिवाय झोप येणा नाय," असे आजी म्हणे. एकीच्या दोन गोळ्या झाल्या. पाकीट संपत आले की तिचा जीव कासावीस होई, शेजारणीकडून उसनी गोळी येई. सकाळी तोल जाई, विसरायला होई. नववीतल्या नातवाने हे व्यसन ओळखले आणि मायेपोटी सगळ्या गोळ्या लपवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आजीचे हात थरथरू लागले, तिसऱ्या दिवशी आकडी आली.

मुलाने ओळखले ते बरोबर. चुकला तो उपाय. असे का झाले, ते पाहू.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन ब्रेकचे काम करते. ही गोळी तो ब्रेक अधिक घट्ट दाबते. रोज असे होऊ लागले की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करून तोल साधतो. गोळी दोन दिवसांत जवळजवळ नाहीशी होते, पण सैल झालेला ब्रेक पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन घड्याळांच्या गतीतला हा फरकच घातक आहे. क्वचित त्यात प्राणही जातो. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी रोज घेणाऱ्यालाही काही आठवड्यांत अशी सवय जडू शकते, तेव्हा यात आजीच्या स्वभावाचा दोष शोधू नका.

म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. दर काही आठवड्यांनी बहुधा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. कधी ते अधिक अर्धायुष्याची डायझेपाम देतात, म्हणजे उतार सौम्य होतो. आमच्या आजीला आठ महिने लागले. २०१४ पासून ही दोन्ही औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. दुकानदाराने त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत राहाव्यात, असा कायदा नाही.

आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीला मनोविकारांची मोठी संस्था आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. आकडी आली किंवा माणूस बरळू लागला, तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, रोज किती आणि कधीपासून, हे डॉक्टर विचारतीलच. घरात कोणी गोळीबरोबर दारू घेत असेल तर तेही लपवू नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो.