खंडणी, यज्ञ आणि मुक्ती

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ‘बलिदान’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. इंदरगंजापासून फार दूर नसलेल्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे आणि दरवर्षी जूनमध्ये तिथे भरणाऱ्या मेळ्याचे नावच ‘बलिदान मेळा’ आहे. स्वातंत्र्य मिळावे म्हणून कोणीतरी प्राण देतो, हा या शब्दाचा अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला आहे. आधी त्याग, मग स्वातंत्र्य. ख्रिस्ती धर्मविचारातही त्याग आणि स्वातंत्र्य यांची जोडी आहे; पण माणसाच्या बाजूने पाहिले तर क्रम उलटा आहे. तो ध्यानात घेतला नाही, तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले नेहमीचे शब्दही चुकीच्या अर्थाने वाचले जातात.

पहिला शब्द ‘खंडणी’. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणार्पणाविषयी बोलतो, तिथे मराठी बायबलात हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘लुट्रॉन’. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम, असा त्याचा अर्थ. मराठेशाहीचा इतिहास वाचलेल्यांना खंडणी म्हणजे दुबळ्याने बलवानापुढे ठेवलेली रक्कम एवढेच ठाऊक असते. इथे मात्र देणारा धनी आहे आणि सुटणारा दास. शिवाय हे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, असे इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे. म्हणजे मुक्तीसाठी माणसाने चुकते करावे असे काही उरत नाही.

मग माणसाच्या त्यागाला जागा कुठे? तिचे उत्तर ‘यज्ञ’ या दुसऱ्या शब्दात आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल श्रोत्यांना स्वतःची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो. हा यज्ञ देवाला प्रसन्न करून काही मिळवण्यासाठी नाही. जे मिळाले त्याची ती कृतज्ञता आहे. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातही आधी स्वातंत्र्याची घोषणा आहे आणि त्यानंतर त्या स्वातंत्र्याने एकमेकांची प्रेमाने सेवा करण्याचा उपदेश. सुटलेल्या माणसाने आपखुशीने दिलेले ते अर्पण.

या क्रमाचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या भगिनीमंडळाच्या आश्रयाला त्या होत्या, त्याच्यापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्यांनी नकार दिला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द का, संस्कृत का नकोत, असाही वाद त्यांनी घातला. श्रद्धा स्वीकारली म्हणजे परकी भाषा आणि परक्यांचा हुकूमही स्वीकारला, हे त्यांना मान्य नव्हते.

हेच स्वातंत्र्य इतरांच्या बाबतीत कसे पाळायचे, हा प्रश्न पुढे त्यांच्याच दारात आला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेले शारदासदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, अशी सर्वांची अपेक्षा होती. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. आश्रयाला आलेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, ही टीकाकारांची शंका होती. ती शंका हलकी नाही. मुक्ती दान म्हणून मिळते असे मानणाऱ्याने, घेणाऱ्याला नाकारण्याचीही मोकळीक आहे ना, हे पाहायलाच हवे. ख्रिस्ती सेवाकार्याची कसोटी इथे लागते.

तिसरा शब्द ‘मुक्ती’. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई तेव्हाच्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला उभ्या राहिलेल्या वसतीचे नाव ‘मुक्ती’. आपल्या परंपरेत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. रमाबाईंनी तो शब्द भूक, वैधव्य आणि निरक्षरता यांच्यापर्यंत खाली आणला, पण त्याचा आध्यात्मिक अर्थ सोडला नाही. सुटका झालेल्या बायका तिथे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. साध्या बाईलाही समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

म्हणून ख्रिस्ती मराठी मजकुरात त्यागाचा शब्द आला की अभ्यासकाने दोन गोष्टी पाहाव्यात : देणारा कोण आहे, आणि तो सुटण्यासाठी देतो आहे की सुटल्यामुळे. फुलबागेतले बलिदान पहिल्या प्रकारचे, केडगावचे अर्पण दुसऱ्या प्रकारचे. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवला, तरच दोन्ही नीट समजतात.