आजीचे ओरडणे हे दुखणे असू शकते

आंघोळीला उठवले की आजी ओरडते, हात झटकते. घरचे म्हणतात, "म्हातारीचं डोकं फिरलंय." स्मृतिभ्रंशात माणूस नावे विसरतो, पण अंगातल्या कळा थांबत नाहीत. फक्त "दुखतंय" असे सांगता येत नाही. भूम-परंड्याकडून ऊसतोडीला गेलेल्या आज्यांचे गुडघे-कंबर तर आधीच झिजलेले असतात.

म्हणून उठवताना, कूस बदलताना पाच गोष्टी पाहा: श्वासाची धाप, कण्हणे-रडणे, कपाळावर आठ्या, आखडलेले अंग, आणि जवळ घेऊनही शांत न होणे. २००३ साली आलेल्या 'पेनॅड' मोजपट्टीत हीच लक्षणे आहेत. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. गुण वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

दात, तुंबलेला संडास, लघवीची जळजळ, पाठीवरच्या जखमाही तपासा. मनाने गोळ्या देऊ नका. काही वेदनाशामक गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला घातक ठरतात. वागणे एकाएकी बदलले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताईंची मदत घ्या. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.

रागावण्याआधी, झोपेची गोळी मागण्याआधी, दुखते कुठे ते शोधा.