पोशाख पाण्यासाठी, उन्हासाठी नव्हे

लडाखमधील झांस्कर नदीवर चिलिंग ते निमू या मार्गाने रबरी तराफ्यातून वल्हवत जाण्यासाठी उन्हाळ्यात देशाच्या अनेक भागांतून, महाराष्ट्रातूनही, पर्यटक येतात. माथ्यावर प्रखर ऊन असते. साहजिकच सुती सदरा आणि अर्धी विजार पुरेशी वाटते. परंतु तराफ्याखालचे पाणी वितळलेल्या बर्फाचे असते. म्हणूनच पोशाख ठरविताना हवेकडे नव्हे, तर पाण्याकडे पाहावे, हा या क्रीडेचा पहिला नियम होय.

पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यात अकस्मात पडलेला मनुष्य आपसूक धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी बर्फासारख्या थंड पाण्यातील हा क्रम सोप्या आकड्यांत मांडला आहे : श्वास ताब्यात येण्यास १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे आणि शुद्ध हरपण्यास सुमारे १ तास. योग्य पोशाख ही मुदत वाढवितो.

सुती कपडा पाणी धरून ठेवतो व लवकर वाळत नाही. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा असावा. निओप्रीन रबराच्या ‘वेटसूट’मध्ये अडकलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो. मात्र हा पोशाख अंगाबरोबर बसला पाहिजे. सैल असल्यास आत थंड पाणी खेळत राहते. ‘ड्रायसूट’ गळ्याशी व मनगटांशी पाणी अडवितो, परंतु त्याला स्वतःची ऊब नसते. आत उबदार कपडे हवेतच. पायांत निओप्रीनचे बूट, डोक्यावर शिरस्त्राण आणि सर्वांवर पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट आवश्यक आहे. पहिल्या मिनिटात तोंड पाण्यावर राखण्याचे काम जॅकेटच करते.

हे शहाणपण नवे नाही. ग्रीनलंडचे इन्यूइट शिकारी कयाक वल्हविताना सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ हा जलरोधक अंगरखा घालीत व त्याची खालची कड नावेच्या तोंडाशी घट्ट बांधीत.

पर्यटकांनी निघण्यापूर्वी आपल्या मापाचा पोशाख मागून घ्यावा आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काठालगतच्या संथ पाण्यात तो एकदा पारखावा. उणीव काठावर कळली तर ती दूर करता येते. प्रवाहात तेवढी सवड मिळत नाही.