बाल्कनीतील बाग : मिसळणाच्या डब्यापासून कुंडीपर्यंत



मार्च महिना लागला आहे. न्यू जर्सीत बाहेर अजून थंडी आहे, पण दिवस मोठा होऊ लागला आहे. म्हणून या महिन्याचा पाठ कुंडीतल्या बागेचा. आपल्यापैकी बरेच जण अपार्टमेंटमध्ये राहतात आणि अंगण नाही म्हणून बाग नाही असे समजतात. तसे काही नाही. ऊन येणारी बाल्कनी, चार-पाच कुंड्या आणि मिसळणाच्या डब्यातले चमचाभर मेथीदाणे एवढ्यावर सुरुवात होते.

मात्र एक गोष्ट आधी लक्षात ठेवू या. झाड आपले गाव ओळखत नाही. ते जिथे कुंडी आहे तिथले ऊन आणि तिथली थंडी ओळखते. महाराष्ट्रात शेतकरी मृग नक्षत्राची, म्हणजे साधारण ७ जूनची वाट पाहतात आणि पाऊस पडला की पेरणी करतात. इथे जूनची वाट पाहिली तर कोथिंबिरीची वेळ निघून गेलेली असते आणि मिरचीला फार उशीर झालेला असतो. बी घरचे असले तरी कॅलेंडर इथलेच हवे.

१. आधी ऊन मोजा

एका सुटीच्या दिवशी बाल्कनीत ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते ते वहीत लिहा. सहा तास किंवा अधिक ऊन असेल तर मिरची आणि टोमॅटो लावता येतील. तीन-चार तासच असेल तर निराश होऊ नका. पुदिना, मेथी आणि कोथिंबीर तेवढ्यावरही येतात.

२. कुंडी, माती, पाणी

कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. जास्तीचे पाणी वाहून जाण्याला 'निचरा' म्हणतात. निचरा नसेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुंडीखाली ताटली ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकणार नाही. बागेतली माती खणून आणू नका. कुंडीत ती दगडासारखी घट्ट बसते. दुकानात कुंडीसाठी तयार हलकी माती मिळते, तीच वापरा.

पाणी रोज घालायचे का? आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडे लागले तर पाणी घाला, ओले लागले तर उद्या पाहा.

३. बी जिवंत आहे का?

दुकानातले धणे आणि मेथी खाण्यासाठी असतात, पेरण्यासाठी नव्हे. जुने किंवा भाजलेले दाणे उगवत नाहीत. म्हणून परीक्षा घ्या. दहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत उबेला ठेवा. मेथीला दोन-तीन दिवसांत मोड येतात, धण्यांना दोन आठवडेही लागतात. दहापैकी आठ उगवले तर शंभरात किती? हेच गणित शेतकरीही करतो. दहापैकी दोनच उगवले तर बियांचे पाकीट विकत आणलेले बरे.

४. मेथी : सर्वांत आधी हिलाच लावा

मुंबईच्या बाजारात 'समुद्रमेथी' नावाची बुटकी मेथी मिळते. समुद्राकाठच्या रेताड जमिनीत ती दाट पेरतात आणि लहान असतानाच मुळांसकट उपटून तिच्या जुड्या बांधतात. आपण नेमके हेच पसरट ट्रेमध्ये करू शकतो. तीन-चार इंच माती पुरते. मेथीदाणे रात्रभर भिजवा, दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. दोन-तीन आठवड्यांत भाजी काढता येते. दर आठवड्याला एक ट्रे पेरला तर मेथी संपत नाही. एप्रिलपासून ती बाहेर ठेवता येते. आत्ता खिडकीतही चालेल.

५. कोथिंबीर आणि लांब दिवस

एका धण्यात दोन बिया असतात. पेरण्याआधी धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन भाग करा. पीठ करू नका! एप्रिलमध्ये पेरा आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस पेरा. मधे का नाही? कारण कोथिंबीर दिवसाची लांबी ओळखते. २१ जूनला पुण्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर न्यू जर्सीत सुमारे पंधरा तासांचा. एवढा मोठा दिवस आणि त्यात उकाडा लागला की कोथिंबीर घाईने फुलावर येते. पाने बारीक होतात, दांडे ताठ होतात. तसे झालेच तर झाड फेकू नका. फुले राहू द्या. त्यांचेच पुढे धणे होतात, आणि ते तुमच्या घरचे बियाणे!

६. पुदिना आणि मिरची

पुदिन्याला बी नको. दुकानातल्या जुडीतल्या चार ताज्या काड्या घ्या, खालची पाने काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग काड्या मातीत लावा, पण स्वतंत्र कुंडीत. पुदिना पसरतो आणि शेजारच्या झाडाची जागा बळकावतो.

मिरचीचे बी मात्र आत्ता, मार्चमध्येच, घरात पेरायचे. रोप मेच्या मध्यानंतर बाहेर काढायचे. त्याआधी एखाद्या रात्री दंव गोठले तर रोप काळे पडून मरते. मुलांनो, मिरची आपली की परकी? मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा येई तो मुख्यतः मिऱ्यांमुळे. 'मिरची' हे नावही 'मिरे'शी नाते सांगते. टोमॅटोही याच खंडातला. तेव्हा इथल्या बाल्कनीत मिरची लावणे म्हणजे तिला माहेरी आणणेच होय.

७. कढीपत्ता : पालकांनी हा भाग जरूर वाचावा

आजीच्या दारातल्या कढीपत्त्याचे रोप किंवा फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी असे पुष्कळांच्या मनात येते. कृपया आणू नये. ताजी पानेही आणू नयेत. अमेरिकेत त्यांना बंदी आहे आणि त्याला सबळ कारण आहे.

कढीपत्ता, लिंबू, संत्रे आणि बेल ही एकाच कुळातली झाडे. आशियातला एक अगदी बारीक किडा यांच्या कोवळ्या पालवीवर राहतो आणि संत्र्याच्या झाडांना एक असाध्य रोग देतो. फळे वेडीवाकडी आणि कडू होतात, झाड हळूहळू मरते. हा किडा फ्लोरिडात १९९८ मध्ये आढळला, तर रोग २००५ मध्ये. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. कढीपत्त्याला तो रोग होत नाही, पण त्याच्या पानांवर बसून किडा प्रवास करतो. म्हणून फ्लोरिडातल्या नातेवाइकांकडूनही रोप आणू नये.

मग कढीपत्ता कुठून मिळवावा? परवाना असलेल्या रोपवाटिकेतून, नियमांची चिठ्ठी लावलेले रोप घ्यावे. उन्हाळ्यात ते बाहेर ठेवावे आणि रात्रीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागले की घरात आणावे. हिवाळ्यात पाने गळतात. झाड मेले असे समजून टाकून देऊ नये. पाणी कमी करावे आणि वसंताची वाट पाहावी.

८. शब्दांची बाग

मोड : भिजलेल्या दाण्यातून बाहेर येणारा पहिला पांढरा अंकुर.
कोंब : मातीतून वर येणारा अंकुर.
रुजणे : मुळे धरणे. सवय आणि विचारही मनात रुजतात.
पेरणे : मातीत बी टाकणे. बोटाचे किंवा उसाचे 'पेर' हा शब्द वेगळा.
झारी : झाडांना पाणी घालण्याचे भांडे.
तग धरणे : कठीण दिवसांत टिकून राहणे.

९. गृहपाठ

(अ) दहा मेथीदाण्यांची परीक्षा घ्या आणि रोज काय दिसले ते मराठीत एका वाक्यात लिहा.
(आ) आजी-आजोबांशी फोनवर बोलाल तेव्हा विचारा : तुमच्याकडे मेथी कधी पेरतात? उत्तरात आलेला एक नवा शब्द लिहून आणा.
(इ) 'तग धरणे' हा वाक्प्रचार वापरून कढीपत्त्याविषयी दोन वाक्ये लिहा.

पालकांना विनंती : पाणी मुलांनाच घालू द्यावे आणि कुंडीजवळ मराठीतच बोलावे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकाने आपला मेथीचा ट्रे वर्गात आणावा. मधल्या सुटीत आपण सर्व मिळून मेथी निवडू आणि ठेपले करू.