घरपट्टीची पावती आणि घराचा नकाशा

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या लष्करातील एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा तिघा भावांच्या सामाईक मालकीचा. मागील पडवी पाडून तेथे दोन खोल्या बांधाव्यात, अशी धाकट्याची इच्छा. नकाशा तयार होतो, अर्ज लिहिला जातो. आणि मग प्रश्न उभा राहतो, संपत्तिकराची पावती कोठे आहे? शोध घेता कळते की, थोरल्यास वाटले मधल्याने कर भरला, मधल्यास वाटले धाकट्याने. भरला कोणीच नाही! बांधकाम थांबते, आणि भाऊबंदकीस मात्र आरंभ होतो.

आमच्या कोंकणी घरात ज्यास घरपट्टी म्हणतात, तोच ग्वाल्हेरीचा संपत्तिकर होय. या कराचा आणि बांधकामाच्या परवानगीचा संबंध काय, हे आज आपण पाहू.

लष्कर हे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसले. छावणी आज येथे, तर उद्या तेथे. शहर मात्र स्थिर असते. त्यास रस्ते, गटारे, दिवे लागतात. नवी खोली उठली की सांडपाणी वाढते आणि त्याचा भार सार्वजनिक गटारावर पडतो. म्हणूनच कर आणि परवानगी हे दोन्ही विषय एकाच महानगरपालिकेकडे आले. मध्य प्रदेशात यासाठी १९५६ चा नगरपालिक निगम अधिनियम आहे. बांधकामाचे तपशील २०१२ च्या भूमि विकास नियमांत दिले आहेत.

थकबाकीचा अर्जावर परिणाम कसा होतो, याचे स्पष्ट उदाहरण मुंबईचे आहे. तेथील १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार बांधकामाच्या अर्जास कर चुकता केल्याचा दाखला जोडावा लागे. दाखला नसला की अर्ज अपुरा ठरे. हा दंड नव्हे. सार्वजनिक सोयींवर नवा भार घालण्यापूर्वी जुने देणे फेडा, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. केवळ कर भरला म्हणून परकी जमीन आपली होत नाही. दुसरी, थकबाकीचा बोजा मिळकतीवर असला, तरी नव्या खरेदीदाराकडून ती सरसकट वसूल करता येतेच असे नाही. अहमदाबादच्या एका प्रकरणात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, थकबाकीची जाणीव नसलेल्या खरेदीदाराविरुद्ध, कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नसेल तर, तो बोजा बजावता येत नाही. परंतु न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा खरेदीपूर्वी थकबाकीची चौकशी करणे केव्हाही शहाणपणाचे.

करआकारणी चुकीची वाटल्यास रीतसर हरकत घ्यावी; कागद फडताळात टाकून स्वस्थ बसू नये. वर्षे लोटली की रक्कम वाढते, आणि कोणी किती द्यावयाचे याची आठवण मात्र अंधुक होते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: आपल्या घराची शेवटची पावती कोणत्या वर्षाची, आणि ती कोणाच्या नावावर आहे? उत्तर चटकन मिळाले तर उत्तमच. न मिळाले, तर तिघा भावांनी एकत्र बसून ते शोधावे. पडवी पाडण्याचा विचार त्यानंतर.