कण्याचा सांधेदाह आणि पथ्यपाणी

औषधाची चिठ्ठी हातात पडण्याआधीच आपल्याकडचा रुग्ण विचारतो, "डॉक्टर, पथ्य काय?" कण्याच्या सांधेदाहाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात चुकीचे पथ्य रोगाइतकेच नुकसान करू शकते.

आजार कसा ओळखावा?

'अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस' हे या आजाराचे वैद्यकीय नाव. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत, विशेषतः विशी-तिशीत सुरू होतो. ओझे उचलून भरलेली कंबर विश्रांतीने बरी होते. येथे उलट घडते. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक वेळ कंबर आखडलेली राहते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. तीन महिने असे चालू राहिल्यास जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. सोबत संध्याकाळचा ताप असेल, वजन घटत असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हेही पाहावे लागते.

पिष्टमय अन्न सोडावे काय?

लंडनचे डॉ. अ‍ॅलन एब्रिंजर यांनी आतड्यातील 'क्लेबसिएला' या जंतूचा या आजाराशी संबंध जोडला. हा जंतू पिष्टमय अन्नावर पोसतो, या विचाराने त्यांनी १९९६ साली कमी पिष्टाच्या आहाराचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. आतड्याचा आणि या सांध्यांचा संबंध आहे, हे खरे. पुष्कळ रुग्णांच्या आतड्यांत सूक्ष्म दाह आढळतो. परंतु पिष्ट सोडल्याने आजार थांबतो, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

शिवाय तो आहार पाव-बटाटा कमी करून मांस-मासळी वाढवू शकणाऱ्यांसाठी आहे. आपल्या ताटात भात, नागलीची भाकरी आणि वरई. तेच काढले तर उरते काय? १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी येथल्या कुपोषणाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले होते. अशा भागात अन्न सोडायला सांगताना डॉक्टरने दहादा विचार करावा, असे मी मानतो.

माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण तूरडाळ 'वातूळ' म्हणून, ताक 'थंड' म्हणून आधीच बंद करून आलेले असतात. त्यामुळे सांधे सुधारत नाहीत, स्नायू मात्र झिजतात. या आजारात मणक्यांची हाडे मुळातच ठिसूळ होत असतात. त्यात उपासमारीची भर पडते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असे वाटल्यास तेवढा एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद ठेवावा आणि पुन्हा खाऊन पाहावा. फरक नसेल तर तो सोडण्याचे कारण नाही.

काय खावे, काय टाळावे?

१. नागली सोडू नका. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या कितीतरी पट कमी. जोडीला डाळ, उडीद, अंडी, सुकी मासळी, शेवग्याचा पाला असावा.

२. सूज कमी करणारी गोळी जेवणानंतरच घ्यावी. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास गोळी थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. या गोळ्या चालू असताना मोहाची दारू अधिकच घातक. वारंवार रक्तमिश्रित जुलाब होत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

३. बिडी-सिगारेट बंद करावी. धूम्रपान करणाऱ्यांचा कणा लवकर आखडतो, असे दिसून आले आहे.

४. 'एका दिवसात गुण' देणाऱ्या बेनावी पुड्यांपासून दूर राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

५. कणा मागे ताणण्याचे व दीर्घ श्वासाचे व्यायाम रोज करावेत.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी औषधे आणि कागदपत्रे सोबत न्यावीत. उपचार मध्येच तुटला तर कणा वाकून जखडू शकतो, आणि जखडलेला भाग औषधाने पुन्हा मोकळा होत नाही.

थोडक्यात, या आजारात खरे पथ्य बिडीचे. भाकरीचे नव्हे.